आजोबांची तीन चित्रे विकायची आहेत? आधी आत्यांच्या सह्या घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा 1988 साली मृत्युपत्र न करता गेले, पुढे आजीही गेली, आणि गेल्या वर्षी वडील वारले. घरात तीन चित्रे आहेत. के. एच. आरा यांचे फुलदाणीचे चित्र आजोबांनी 1950च्या दशकात जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात घेतले होते. दुसरे जलरंगातले स्त्रीचित्र, त्यावर मा. वि. धुरंधरांची सही आहे. तिसरी देवघराबाहेरची ‘रविवर्म्याची लक्ष्मी’. बिल एकाचेही नाही. ओळखीतल्या एका चित्रविक्रेत्याने आरांच्या चित्राला बारा लाख रोख देऊ केले आहेत. न्यू जर्सीतल्या बहिणीला धुरंधर तिकडे न्यायचे आहेत. मेहुण्यांनी ‘चित्रांचा फंड’ सुचवला आहे. कर किती बसेल आणि फसवणूक कशी टाळायची, असे तुम्ही विचारता.

माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे किमतीपासून सुरुवात करतात. मी मालकीपासून करतो, कारण बाकीच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात.

चित्र ज्याच्या भिंतीवर तो मालक, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. सातबारा किंवा फ्लॅट असता तर तुम्ही पहिल्या दिवशी वारस मोजले असते. चित्राच्या बाबतीत कुणी मोजत नाही. आता मोजू. चित्रे आजोबांच्या स्वतःच्या कमाईतली. हिंदू वारसा कायद्याने 1956 पासून अशा मिळकतीत मुलगे, मुली आणि पत्नी सारख्याच हक्काने येतात. तुम्हाला दोन आत्या आहेत. आजीचा हिस्सा तिच्यामागे तिच्या तीन मुलांकडे गेला, म्हणजे वडील आणि दोन्ही आत्या यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांचा तृतीयांश आई, तुम्ही आणि बहीण या तिघांत. ज्या चित्राचा सौदा तुम्ही एकटे करायला निघाला आहात, त्यात तुमचा वाटा एक नवमांश आहे. धाकट्या आत्या हयात नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या जागी त्यांचे वारस येतील, त्यांचे यजमानसुद्धा.

“आत्यांना चित्रात रस नाही” हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ते आकडा कळेपर्यंत खरे असते. म्हणून आकडा कळण्याआधी एक साधा कौटुंबिक समझोता लिहून घ्या: चित्रांचे वर्णन, मापे, पुढचे-मागचे फोटो, कोणाचा किती हिस्सा, विक्रीचा अधिकार कोणाला, पैसे कसे वाटायचे. सगळ्यांच्या सह्या. बहिणीची सही भारतीय दूतावासातून साक्षांकित करून किंवा तिकडच्या नोटरीकडून आणि अपोस्टिलसह (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरावा म्हणून तिकडच्या सरकारने दिलेला दाखला) मागवा. कुणी तुम्हाला कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणायला सांगेल. ते येणी आणि रोखे यांच्यासाठी असते, भिंतीवरच्या चित्रासाठी नाही. त्यात वेळ घालवू नका. एखाद्या वारसाला आपला हिस्सा सोडायचा असेल तर तेही लेखीच होऊ द्या, फोनवर नको.

लिलावघर किंवा चांगली गॅलरी तुमच्याकडून मालकीची हमी सहीनिशी घेते. उद्या आतेभावाची नोटीस आली तर तोंडघशी तुम्ही पडता, तेही पैसे परत करून. आपल्याकडचा वस्तुविक्री कायदा 1930चा आहे आणि त्याचा मूळ नियम सरळ आहे: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो.

याच नियमाला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्यासारख्यांना महाग पडतो. तुम्ही स्वखुशीने चित्र एखाद्या व्यापाऱ्याच्या ताब्यात दिले आणि विक्री करणे हाच त्याचा धंदा असेल, तर त्याने नेहमीच्या व्यवहारात, प्रामाणिक गिऱ्हाइकाला ते विकले की गिऱ्हाइकाची मालकी पक्की होते. तुमच्याशी ठरलेल्या किमतीपेक्षा कमीत विकले असो किंवा तुम्हाला पैसे दिलेच नसोत, चित्र परत मिळत नाही. तुमच्या हातात उरतो तो व्यापाऱ्यावरचा पैशाचा दावा. “बघायला ठेवून जा, गिऱ्हाईक येणार आहे” यावर चित्र सोडून येऊ नका. सोडायचेच असेल तर पावतीवर चित्राचे वर्णन, किमान किंमत, मुदत, विमा कोणाचा आणि पैसे किती दिवसांत, एवढे लिहून घ्या. अर्ध्या पानात बसते.

आता बारा लाख रोख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारापोटी रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. तो घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, देणाऱ्यावर नाही. विक्रेत्याला हे ठाऊक असते. शिवाय रोखीत विकलेल्या चित्राची कागदावर साखळी तिथेच तुटते, आणि पुढच्या खरेदीदाराला “हे कुठून आले” याचे उत्तर देता येत नाही. रोखीचा भाव नेहमी कमी का असतो, याचे अर्धे उत्तर यात आहे.

ही साखळी, जिला बाजारात प्रोव्हेनन्स म्हणतात, तुमच्याकडे वाटते तितकी कोरी नाही. बिल नसले तरी चालते. चित्र उलटे करा. फ्रेमच्या मागचा जुना तपकिरी कागद, खिळे, फ्रेमवाल्याचे लेबल, प्रदर्शनाचा क्रमांक, पेन्सिलीत लिहिलेली किंमत यांतले काहीही काढू नका, पुसू नका, “स्वच्छ” करू नका. नवी फ्रेम बसवून मागचा कागद फेकून दिलेली चित्रे पाहिली की जीव हळहळतो. विक्रीच्या आधल्या महिन्यात हौसेने केलेला हा खर्च किंमत खाली आणतो. मग घर धुंडाळा. आजोबांच्या डायऱ्या, चेकबुकाचे अर्धुक, प्रदर्शनाचा कॅटलॉग, चित्रकाराचे पत्र. सर्वांत भक्कम पुरावा बहुतेकदा लग्नाच्या अल्बममध्ये निघतो: 1960 साली दिवाणखान्यात काढलेला आत्याच्या केळवणाचा फोटो, आणि पाहुण्यांच्या डोक्यावर तेच फुलदाणीचे चित्र. त्या फोटोची मूळ प्रत जपा. दुसरे असे की थोरल्या आत्या आज ऐंशीच्या घरात असतील. चित्र कधी, कुठून आले, ते घरात कुठे लागत होते, याचे त्यांचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. सहीसाठी त्यांच्याकडे जाणारच आहात.

हे सगळे कशासाठी, तर आपल्याकडे आधुनिक चित्रकारांच्या चित्रांना खरेपणाचा दाखला देणारी कुठलीही सरकारी संस्था नाही. कुणी समीक्षक, कुणी कुटुंबीय, कुणी जुना गॅलरीवाला पत्र देतो, आणि त्या पत्राची किंमत ते देणाऱ्याच्या अब्रूइतकी. नकली चित्रांचा प्रश्न किती खोल आहे ते सांगायला दोन घटना पुरेत. 2009 साली दिल्लीत सय्यद हैदर रझांच्या चित्रांचे प्रदर्शन लागले. रझा स्वतः तिथे गेले आणि भिंतीवरची चित्रे आपली नसल्याचे त्यांच्याच लक्षात आले. 2011 साली कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात मांडलेली रवींद्रनाथ टागोरांच्या नावाची वीस चित्रे नकली असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांच्या समितीने काढला. आरांच्या फुलदाण्यांच्या नकलाही बाजारात फिरतात: विषय ओळखीचा, कागदावरचे काम, सही सोपी. म्हणून त्या केळवणाच्या फोटोला पैशात किंमत आहे.

धुरंधरांकडे वळू, कारण बहिणीची इच्छा इथे अडते. 1972च्या पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकृती ही पुरातन वस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. मोडल्यास किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धुरंधर 1867 ते 1944 या काळातले. तुमच्या चित्रावर साल असेल आणि ते शंभरीपार असेल तर विषय संपला. चित्र भारतातच राहील. इतकेच नाही, कागद किंवा कापडावरची शंभरी ओलांडलेली चित्रे नोंदणीच्या यादीत येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह अर्ज करायचा, आणि पुढे चित्र दुसऱ्याच्या नावे गेले की तेही कळवायचे. भारतातल्या भारतात विकायला मात्र बंदी नाही. गंमत अशी की हे वयाचे गणित दर वर्षी पुढे सरकते. जे. जे. स्कूलच्या त्या पिढीची, धुरंधरांची, त्रिंदादांची, जी कामे दहा वर्षांपूर्वी बिनदिक्कत परदेशी जाऊ शकत होती, त्यांतली कितीतरी आज जाऊ शकत नाहीत. भारतात अडकलेल्या चित्राला खरेदीदार कमी, म्हणून भावही कमी, असे अर्थशास्त्र सांगते. जे. जे.च्या या पिढीच्या, म्हणजे बॉम्बे स्कूलच्या, बाबतीत ते बऱ्यापैकी खरे आहे.

चित्र 1930च्या दशकातले निघाले तर बहिणीला नेता येईल, पण विमानतळावर अडकू नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरातन वस्तू नाही’ असे प्रमाणपत्र आधी काढा. सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत चित्र ठेवून नेण्याचा सल्ला देणारे काका प्रत्येक कुटुंबात एक असतात. त्यांचे ऐकू नका. साल नसेल तर कागद, फ्रेम आणि शैली पाहून जाणकार अंदाज देईल, पण निर्णय खात्याचा.

रविवर्म्याच्या लक्ष्मीबद्दल तुम्हाला वाईट वाटेल असे लिहावे लागते. ती बहुधा छापील आहे. रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त घराघरांत पोचले ते तिथून. भिंग घेऊन चेहरा पाहा. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील प्रत. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असते, पण फ्रेम करताना ती कड अनेकदा कापली किंवा दुमडली जाते. साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या प्रती हौशी संग्राहक शोधत असतात, तरी मूळ तैलचित्राच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. आणि छापील आहे म्हणून सुटका, असेही समजू नका: प्रत शंभर वर्षांहून जुनी असेल तर तिलाही तोच निर्यातीचा अडथळा येऊ शकतो.

मूळ रविवर्मा असता तर वयाचा प्रश्नच आला नसता. नऊ चित्रकारांचे काम सरकारने राष्ट्रीय कलासंपदा म्हणून जाहीर केले आहे: राजा रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तीन टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ), निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. यांची भारतात असलेली चित्रे देशाबाहेर जात नाहीत. यामुळे ती पडेल भावात विकली जातात म्हणाल तर तसेही नाही. शेर-गिल यांचे ‘द स्टोरी टेलर’ सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीतल्या लिलावात 61.8 कोटींना गेले, आणि तो त्या वेळी भारतीय चित्राचा उच्चांक होता. वर बॉम्बे स्कूलबद्दल जे लिहिले ते सर्वोच्च दर्जाच्या कामाला लागू होत नाही. तिथे देशातले दोन-तीन श्रीमंत हट्टाला पेटले की पुरे.

आरांच्या चित्राला यांतले काहीच आड येत नाही. आरा 1985 साली गेले, चित्र सत्तर वर्षांच्या आसपासचे. पण कॉपीराइट लक्षात घ्या. तुमच्याकडे कागद आणि रंग आहेत, छापण्याचा हक्क नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो; आरांच्या बाबतीत 2045 अखेरपर्यंत. कॅलेंडर, टी-शर्ट, डिजिटल प्रिंट काही काढायचे नाही. धुरंधर 2004 अखेर मुक्त झाले, तिथे मोकळीक आहे. (आजोबांनी पैसे देऊन स्वतःचे व्यक्तिचित्र काढून घेतले असते तर कायदा वेगळे सांगतो: तसा करार नसेल तर पहिला कॉपीराइट व्यक्तिचित्र करवून घेणाऱ्याचा.)

कॉपीराइट कायद्यात 53-अ नावाचे एक कलम आहे, जे 1994च्या दुरुस्तीत आले. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजारांहून जास्त किमतीला झाली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. वाटा ठरवणार कॉपीराइट मंडळ. मंडळ पुढे दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले, ते न्यायाधिकरण 2021 साली बंद झाले, आणि काम न्यायालयांकडे गेले. व्यवहारात हा वाटा क्वचितच कुणी मागतो. माझ्या मते ही चित्रकारांची उघड उपेक्षा आहे, पण तुम्ही सध्या विकणाऱ्याच्या बाजूला आहात, तेव्हा एवढेच: लिलावघराच्या करारात असा दावा आला तर कोण भरणार हे वाचून घ्या.

आता पैसे. आधी बातम्यांतले आकडे डोक्यातून काढा. वर्तमानपत्रात येते ती खरेदीदाराने मोजलेली रक्कम, लिलावघर खरेदीदाराकडून वर घेते तो बायर्स प्रीमियम धरून. तो साधारण वीस टक्क्यांच्या आसपास असतो. तुमचा हिशेब हातोडा पडलेल्या किमतीपासून सुरू होतो आणि खाली येतो. समजा आरा वीस लाखांवर थांबले. बातमीत चोवीस लाख छापून येतील. तुमच्याकडून दहा टक्के कमिशन, म्हणजे दोन लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी 36,000, फोटो-वाहतूक-विमा धरून 24,000. हातात 17,40,000.

मग आयकर. दागिने आणि कलाकृती सोडून बाकी घरगुती वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. चित्र मात्र धरतात. 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवलेले असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, आणि वारशाने आलेल्या चित्राला आजोबांच्या खरेदीपासूनचा काळ मोजतात. जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के, महागाईचा निर्देशांक नाही. आजोबांनी दिलेली किंमत सापडली तरी उपयोग नाही, ती शे-दोनशे रुपये असेल. 1 एप्रिल 2001 आधीच्या मालमत्तेसाठी त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्या, आणि तो विक्रीआधी, नोटीस आल्यावर नव्हे. त्याने 2001ची किंमत 1,40,000 लावली असे धरू. नफा सोळा लाख, कर दोन लाख, त्यावर सेस (उपकर) 8,000. उरले 15,32,000, आणि तुमच्या नवमांशाला सुमारे 1,70,000.

हा ढोबळ हिशेब आहे. कर सगळ्यांचा मिळून नसतो, ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर वेगळा बसतो. आई आणि आत्या यांचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर उरलेली मर्यादा त्यांना या नफ्याविरुद्ध वापरता येते. अनिवासी बहिणीला येत नाही. तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराने आधीच कर कापायचा असतो, आणि तो नफ्याऐवजी पूर्ण रकमेवर कापला जाऊ नये म्हणून कमी कपातीचे प्रमाणपत्र विक्रीआधी मागावे लागते. पैसे तिच्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यात, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर. अमेरिकेतही तिला हा नफा दाखवावा लागेल. तिकडे कलाकृतींना 28 टक्क्यांपर्यंतचा वेगळा दर आहे, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. हे तिच्या तिकडच्या सीपीएला, म्हणजे हिशेबनिसाला, विचारा. तुम्ही व्यापारी नाही, त्यामुळे चित्राच्या विक्रीवर तुम्हाला जीएसटी लागत नाही. चित्रांवरचा तो दर सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्के झाला, त्याचा फायदा गॅलरीतून घेणाऱ्याला.

मेहुण्यांनी सुचवलेला ‘चित्रांचा फंड’ किंवा चित्राचे तुकडे करून विकणारे ॲप मी तुमच्या जागी असतो तर बाजूला ठेवले असते. 2006 साली शंभर कोटींहून जास्त रक्कम उभी करणारा ओशियन्स आर्ट फंड मुदत संपल्यावर गुंतवणूकदारांचे पैसे वेळेवर देऊ शकला नाही, आणि असे फंड सामूहिक गुंतवणूक योजनेच्या नियमांत येतात हे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाने, 2008 सालीच सांगितले होते. लाखो लोकांचा पैसा चित्रात बसवता येत नाही, कारण विकायच्या दिवशी गिऱ्हाईक एकच लागते आणि ते यावेच लागते.

लिलावघराच्या करारात तीन गोष्टी पाहा. चित्र विकले गेले नाही तर लिलावघराचे शुल्क कोण भरणार. रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली विकायचे नाही ती किंमत, आकड्यात लिहिली आहे का; “चर्चेनुसार” चालणार नाही. आणि नकली ठरल्यास विक्री रद्द करण्याची मुदत किती वर्षांची, कारण तेवढी वर्षे तुमच्या हिश्श्यातले पैसे पूर्ण तुमचे नसतात; आत्यांना हे आधी सांगा. न विकले गेलेले चित्र बाजारात ‘जळाले’ असे म्हणतात आणि दोन-तीन वर्षे ते पुन्हा कुणी हात लावत नाही, म्हणून हावरट रिझर्व्ह ठेवण्यापेक्षा बेताचा ठेवा.

त्या विक्रेत्याला आज एवढेच लिहा की वारसांचे कागद होत आहेत, रक्कम बँकेतून आणि बिल करून द्यायची तयारी असेल तर लेखी प्रस्ताव पाठवा. त्याला चित्राचा चांगला फोटो पाठवू नका. व्हॉट्सॲपवर दहा जणांकडे फिरलेल्या चित्राला अकरावा खरेदीदार निम्मा भाव देतो. सहीचा आणि मागच्या लेबलचा फोटो तर अजिबात नको, नकला करणाऱ्यांना तेवढेच हवे असते.